पडद्यावरचे मांजर आणि पोत्यातले मांजर

इंटरनेटवर मांजरांचे जे साम्राज्य गेली वीस वर्षे अखंड चालले आहे, त्याविषयी आमच्या काही ज्येष्ठ स्नेह्यांचा मोठा आक्षेप आहे. देवदर्शनास आलेली तरुण मंडळी सभामंडपात बसूनही मोबाईलवर मांजरांच्या करामती पाहतात. हे पाश्चात्त्यांचे खूळ होय, असे त्यांचे म्हणणे. आमची तक्रार निराळी आहे, आणि ती तरुणांपेक्षा या ज्येष्ठांविरुद्धच अधिक आहे.

खूळच म्हणावयाचे तर ते इंटरनेटहून पुष्कळ जुने आहे. एडिसनच्या चित्रशाळेत १८९४ सालीच दोन मांजरांच्या मुष्टियुद्धाचे चलच्चित्र तयार झाले होते. २०१२ मध्ये गूगलच्या शास्त्रज्ञांनी यूट्यूबवरील एक कोटी चित्रे यंत्रास दाखविली, तेव्हा कोणी न शिकविता ते जे काही ओळखू लागले त्यांत मांजराचा चेहरा होता! आणि हे सारे परदेशचेच कसे म्हणावे? बडोद्याच्या कलाशाळेत तीन दशके शिकविणारे के. जी. सुब्रह्मण्यन यांच्या चित्रांतून मांजरे पुनःपुन्हा डोकावतात.

त्याहूनही मागे चला. सुंदरकांडाची पारायणे आपल्या मंदिरांतून होतात. लंकेत शिरताना हनुमंताने देह केवढा केला? तुलसीदासांनी तो डासाएवढा केला. वाल्मीकी मात्र ‘वृषदंशक’ म्हणतात, म्हणजे मांजराएवढा. त्याच वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने सिद्ध केली आणि १९७५ साली ती पुरी झाली. सीताशोधासारखे मंगल कार्य ज्या आकारात आरंभिले गेले, तो आकार रस्त्यात आडवा गेला की आमचे रावपुऱ्यातले सद्गृहस्थ स्कूटर थांबवून उभे राहतात. विश्वामित्रीतील शेकडो मगरींच्या शेजारी सुखेनैव नांदणाऱ्या नगरीने मांजरास भ्यावे, ही गंमतच म्हणावयाची.

येथवर हसण्यासारखे आहे. पुढचे नाही. तीच व्यक्ती सकाळी नातेवाइकांना मांजराची चित्रफीत धाडते, आणि माळ्यावर मांजर व्याले की संध्याकाळी पिल्ले पोत्यात भरून दूर सोडून येते. कोठे? बहुधा बाजाराशी, नाहीतर देवळाच्या दारी. मांजर मारले तर काशीस सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे आपल्या घरोघरी सांगत आले. पाप लागू नये म्हणून मारावयाचे नाही, आणि दान चुकावे म्हणून पोते. तीन आठवड्यांचे पिल्लू दुधावाचून काय खाणार? ते मरतेच, फक्त आपल्या डोळ्यांदेखत मरत नाही. डोळे मिटून दूध पिण्याची कला मांजराची, असे आपण म्हणतो!

शास्त्राची पळवाट काढणाऱ्यांनी कायदाही पाहावा. उपासमार होईल अशा रीतीने प्राण्यास टाकून देणे हा अपराध आहे, असे १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने ठरविले. पहिल्या अपराधास दंड मात्र दहा ते पन्नास रुपये ठेवला. सोन्याच्या मांजरापासून पन्नास रुपयांपर्यंत ही उतरंड कोणाच्या सोयीची झाली, हे वाचकांनीच ठरवावे.

मंदिरांच्या व्यवस्थापकांकडे आमचे एक मागणे आहे. कोठीत तांदूळ, गूळ, तूप असते म्हणून उंदीर असतात. त्यांच्यासाठी विषाच्या गोळ्या आणावयाच्या आणि आवारातील मांजरावर काठी उगारावयाची, हा कारभार आम्हांस उमगत नाही. बंगालात जिचे वाहन मांजर मानतात ती षष्ठीदेवी आणि आपण बाळाच्या सहाव्या दिवशी पूजितो ती सटवाई एकच. त्या पाहुणीचे वाहन दारी आले आहे. आवारातील तीन-चार मांजरांची पशुवैद्याकडून नसबंदी करून घ्यावी आणि त्यांना तेथेच राहू द्यावे. वर्षाला दोन-तीनदा होणारी वीण थांबेल, कोठीही राखली जाईल. आणि रात्री कोणी पोते घेऊन दारी आलाच, तर त्यास थांबवून नाव विचारण्याचे काम पहारेकऱ्याकडे सोपवावे.