राखीव बाकावरची दया

कळंबोलीच्या एका मैदानावर, लोखंड बाजाराकडे वळणाऱ्या ट्रेलरांचे हॉर्न पंचांच्या शिट्टीत मिसळत असताना, महाविद्यालयीन मुलांचा कबड्डीचा एक सामना चालला होता. चालला होता म्हणायचं इतकंच. मध्यंतराला २७-८, उत्तरार्धात चौथ्या मिनिटाला तिसरा लोण, गुणफलक ३६-१०. जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकांनी हात वर केला आणि सात नंबरच्या चढाईपटूला बाहेर बोलावून घेतलं. अंगावर टॉवेल टाकून तो राखीव बाकावर जाऊन बसला. निम्मं पब्लिक वडापावच्या गाडीकडे गेलं.

या निर्णयाचं कौतुक संध्याकाळच्या बक्षीस समारंभात झालं. कौतुक करणारे पाहुणे, सगळेच पाहुणे असतात तसे, ‘आमच्या काळी’ खेळलेले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सामना हातात आला की मुख्य खेळाडूला बसवावं. समोरच्याला आणखी चेचण्यात पुरुषार्थ नाही, राखीव मुलांना संधी मिळते, मुख्य खेळाडूची दुखापत टळते आणि याचंच नाव खिलाडूवृत्ती. हे सांगायला त्यांना बावीस मिनिटं लागली. इथे दोन ओळींत उरकलं, यात अन्याय झाला असेल तर तो श्रोत्यांवरच्या अन्यायापेक्षा कमीच आहे.

दुखापतीचा मुद्दा आधी निकालात काढू. गुडघा ८-८ असतानाही जातो आणि सरावातही जातो. दुखापतीचीच भीती असेल तर त्या मुलाला बुद्धिबळाला पाठवावं.

राखीव मुलांच्या संधीचं काय? २६ गुणांची आघाडी असताना, मनाने हरलेल्या सात जणांवर चढाई करून कोण काय शिकतो? राखीव भिडूला खरंच घडवायचं असेल तर ८-८ असताना, तिसरी चढाई असताना पाठवून बघा. तिथे एकही प्रशिक्षक धजत नाही. सामना शिळा झाला की मात्र सगळ्यांच्या अंगात औदार्य संचारतं. उरलेलं अन्न वाटण्याला अन्नदान म्हणण्यातलाच हा प्रकार. शिवाय सामना ‘संपलाय’ हे ठरवायचं कोणी? २००१ साली कोलकात्याला फॉलोऑन मिळालेला भारतीय संघ २७४ धावांनी मागे होता आणि कसोटी १७१ धावांनी जिंकला.

राहता राहिला दयेचा मुद्दा. खरी गोम तिथेच आहे आणि ती पुण्यात १९४८ सालीच उघडी पडली आहे.

त्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर रणजी करंडकाचा महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा सामना होता. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राकडून कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला उतरले आणि परत जायचं नावच घेईनात. कमल भांडारकरांनी २०५ धावा केल्या, दुसऱ्या विकेटसाठी दोघांनी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. ४९४ मिनिटं, ४९ चौकार, एक षटकार, नाबाद ४४३. महाराष्ट्र ४ बाद ८२६. प्रथम श्रेणीतला तेव्हाचा जागतिक उच्चांक होता डॉन ब्रॅडमन यांचा, जानेवारी १९३० मध्ये सिडनीला केलेल्या नाबाद ४५२ धावांचा. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या, मोडायला दहा. एवढ्यात विश्रांतीची वेळ झाली आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, अडून बसले. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. महाराष्ट्राने मनधरणी करून पाहिली. काठियावाडचा संघ खरोखरच निघून गेला, सामना महाराष्ट्राला बहाल झाला आणि निंबाळकर ४४३ वर कायमचे नाबाद राहिले.

ठाकोरसाहेबांना धास्ती होती ती विक्रमांच्या वहीत आपल्या संघाचं नाव भलत्याच कारणाने जाईल, याची. गेलंच की. दहा धावा देऊन काठियावाड ‘ज्यांच्याविरुद्ध विक्रम झाला ते’ म्हणून एका ओळीत विसरलं गेलं असतं. १९५९ मध्ये हनीफ मोहम्मद यांनी कराचीत ४९९ केल्या आणि १९९४ मध्ये ब्रायन लारा यांनी नाबाद ५०१, तेव्हा तर ती ओळही खाली सरकली असती. पण पाऊणशे वर्षं उलटली तरी काठियावाड आठवतं ते मैदान सोडून गेलेला संघ म्हणूनच. त्यांचे गोलंदाज दीड-दोन दिवस त्या माणसाला चेंडू टाकत राहिले, घामाने निथळले, पण टाकत राहिले. ती चिवटाई कर्णधाराच्या एका निर्णयाने मातीत गेली. आता बोला, अपमान कशाने झाला, ४४३ धावांनी की सुटकेने?

कळंबोलीच्या पाहुण्यांसारखे लोक यावर म्हणतात, महाराष्ट्राने आधीच डाव घोषित करायला हवा होता, ५८८ धावांची आघाडी पुरे नव्हती का? पुरे होती, कबूल. सामना जिंकायला पुरे होती. पण निंबाळकर तेव्हा केवळ सामना खेळत नव्हते. त्यांना पुढे एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. त्यांच्या वाट्याला आला तो हाच एक डाव. डिसेंबर २०१२ मध्ये, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते गेले, तेव्हाही प्रत्येक मृत्युलेखात त्या नऊ धावा होत्या. रणजीत आजही त्या डावाच्या वर कोणी गेलेलं नाही. २०२३ मध्ये पृथ्वी शॉ गुवाहाटीला ३७९ पर्यंत पोचला आणि बाद झाला. तो बाद झाला, त्याला कोणी उठवून बसवलं नाही, हा फरक लक्षात घ्यावा.

दयेची ही मंडळी नेहमी मारणाऱ्याकडून विचार करतात. मार खाणाऱ्याकडून करून बघा. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. आचरेकर सरांचा निरोप डाव घोषित करण्याचा होता आणि पोरांनी सीमारेषेकडे बघायचंच टाळलं, ही हकिगत महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. तोंडपाठ नसतं ते हे, की झेवियर्सकडून गोलंदाजी करणाऱ्यांत साईराज बहुतुले होता. पोरसवदा लेगस्पिनर, दिवसभर फोडून काढलेला. दयेच्या सिद्धांतानुसार तो खचून क्रिकेट सोडायला हवा होता. पुढे त्याने प्रथम श्रेणीत सहाशेहून जास्त बळी घेतले, भारताकडून कसोटी खेळला आणि मग प्रशिक्षक झाला. मार खाल्ल्यामुळेच तो मोठा झाला, असं म्हणणं हा पाहुण्यांच्याच जातीचा अडाणीपणा ठरेल. पण मार खाऊन तो मोडला नाही, एवढं तरी मान्य करावं.

कल्याणचं उदाहरण मात्र पाहुण्यांच्या बाजूचं आहे आणि ते त्यांना सुचलं नाही म्हणून लपवणं बरं नव्हे. जानेवारी २०१६, भंडारी चषक. के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेच्या नाबाद १००९, संघाच्या ३ बाद १४६५. समोरच्या शाळेचे दोन डाव, ३१ आणि ५२. त्या शाळेची मोठी मुलं परीक्षेत अडकली होती, मैदानात होती ती लहान पोरं. ते बघवण्यासारखं नव्हतं. पण गुन्हेगार कोण? पंधरा वर्षांचा पोरगा बॅट घेऊन खेळला, खेळणं हेच त्याचं काम. परीक्षेच्या दिवसांत सामना ठेवणारे आणि एवढ्याशा मुलांना मैदानात ढकलणारे मोठे लोक होते.

हे कल्याणपुरतंच नाही. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये, म्हणजे ज्या फुटबॉलात चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो त्यात, मुख्य खेळाडू कधी बसवायचे यावर दर हंगामात खडाजंगी होते. तिथल्या वादात १९१६ सालचा जॉर्जिया टेक विरुद्ध कम्बरलँड हा सामना हटकून निघतो. निकाल २२२-०. जिंकणाऱ्यांचे प्रशिक्षक जॉन हाइजमन. आज तिथल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा करंडक त्यांच्याच नावाचा आहे. कम्बरलँडने आपला फुटबॉल संघच बंद केलेला होता. पण ठरलेला सामना खेळला नाही तर तीन हजार डॉलर भरावे लागणार होते, म्हणून विद्यार्थी गोळा करून पाठवले. हाइजमन यांना जुन्या बेसबॉल पराभवाचा सूड हवा होता, हे खरं. पण मुळात त्या पोरांना मैदानात आणलं करारपत्राने.

म्हणून दया करायचीच असेल तर ती नियमांत आणि वेळापत्रकात करावी. कबड्डीत ती आहेच. आताच्या खेळात लोण चढला की दोन गुण जातात खरे, पण सातच्या सात जण पुन्हा उभे राहतात. हरणाऱ्याला सगळे भिडू परत देण्याचं औदार्य खेळाने आधीच करून ठेवलंय, प्रशिक्षकाने त्यावर आणखी तूप ओतायची गरज नाही. संयोजकांनी गट पाडताना गेल्या वर्षीचा विजेता आणि पहिल्यांदाच आलेलं कॉलेज एकमेकांसमोर टाकू नयेत. प्रशिक्षकाने फार तर आपल्या चढाईपटूला उत्तरार्धात कोपऱ्यात उभं करावं, पकडी शिकेल. पण मॅटवर ठेवावं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. कोरियाच्या मुली समुद्र ओलांडून आल्या होत्या त्या भारताशी खेळायला, भारताच्या उरल्यासुरल्यांशी नव्हे.

आणि कळंबोलीतला तो डावा कोपरा. हरणाऱ्या संघाचा, काटकुळा, नी-कॅप घोट्यापर्यंत घसरलेली. सात नंबरवर त्याने दोनदा घोट्याची झेप टाकली होती. पहिल्यांदा हात हवेत गेला. दुसऱ्यांदा बोटं बुटाला लागली, नाडी सुटली, पण चढाईपटू निसटला. तिसऱ्यांदा तो वाकून तयार होता, तेवढ्यात बदली झाली. नव्या चढाईपटूला त्याने आरामात धरलं. गुण मिळाला, सोबत्यांनी पाठ थोपटली. तो मात्र मान वळवून राखीव बाकाकडे बघत होता.

स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट चढाईपटूला सायकल होती. चढाईच्या गुणांची बेरीज झाली तेव्हा सात नंबर दोन गुणांनी मागे पडला आणि सायकल दुसऱ्याच कॉलेजात गेली. ती द्यायला व्यासपीठावरून उतरलेल्या पाहुण्यांनी हँडलला हात लावून फोटो काढून घेतला आणि मग शेजारच्याला विचारलं, तो मघाशी बसवलेला मुलगा हाच का?