गुडघा दुखतोय, पण हाड वाढतंय की थांबतंय?

बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा गुडघा महिनाभर दुखतो. एक्स-रे स्वच्छ येतो. मग एमआरआय होतो आणि रिपोर्टमध्ये ‘ग्रोथ प्लेटजवळ एडिमा’ असं लिहून येतं. मोबाइलवर त्याचा अर्थ शोधता शोधता आईबाबा थेट ट्यूमरपर्यंत पोहोचतात. थोडं थांबा.

ग्रोथ प्लेट म्हणजे हाडाच्या टोकाजवळचा कुर्चेचा पातळ थर. उंची वाढते ती इथूनच. वाढीचं वय सरत आलं की या कुर्चेचं हाड होऊ लागतं, पण एका दमात नाही. गुडघ्यात सुरुवात साधारण मधल्या भागातून होते आणि मग ती कडेकडे सरकते. मध्ये हाडाचा छोटासा ताठ पूल आणि भोवती अजून लवचिक कुर्चा, अशा अवस्थेत धावण्या-उड्या मारण्याचा ताण त्या पुलावरच येतो आणि तिथलं हाड सुजतं, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. एमआरआयमध्ये ही सूज प्लेटच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या उजळ, धूसर ठिपक्यासारखी दिसते. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या दोन रेडिओलॉजिस्टनी 2011 मध्ये तिचं वर्णन केलं. आता तिला ‘फोप’ म्हणतात.

म्हणजे आजी म्हणते ते ‘वाढीचं दुखणं’ इथे बरंचसं खरं आहे. फक्त हे वाढ थांबतानाचं दुखणं!

चित्र नेहमीसारखं असेल तर बायोप्सी लागत नाही. काही आठवडे धावणं आणि उड्या बंद, लागलं तर डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी, मग हळूहळू मैदानावर परत. कबड्डीची निवड चाचणी तोंडावर असताना हे मुलांना पटवणं औषधापेक्षा अवघड, हे मान्य. एमआरआयची मात्र भीती नको. त्यात एक्स-रेचे किरण नसतात, आवाज तेवढा मोठा असतो.

पण प्रत्येक दुखणं ‘फोप’ नसतं. रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप, वजन घटणं, गरम सुजलेला गुडघा, यातलं काही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. आणि मूल लंगडत असेल तर खुब्याचा सांधाही तपासायला सांगा. या वयात खुब्यातलं हाडाचं डोकं जागेवरून सरकू शकतं आणि दुखतो मात्र गुडघा. तसं आढळलं तर पायावर भार न देता त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या, कारण त्याला बहुधा शस्त्रक्रियाच लागते.