क्षमेच्या कार्डावर रेशीम कशाला?



क्षमापनेची कार्डे घरी करायची हौस आपल्यात वाढते आहे, याचा आनंदच आहे. सामानही घरबसल्या ऑनलाइन मिळते. पण पैसे भरण्याआधी वस्तू कशाची बनली आहे ते वाचा. रंगीत पिसे, रेशमी फीत, सरस... सगळेच त्यात असते. आपल्या मोहाडी-आंधळगावचा कोसा प्रसिद्ध. अखंड धाग्यासाठी कोशातल्या जिवाचे काय होते, हे भंडाऱ्याच्या बायकांना वेगळे सांगायला नको. सर्व जीवांची क्षमा मागायची आणि तीही रेशमी फीत लावून?

1610 मध्ये आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना विज्ञप्तिपत्र पाठवले. पर्युषणात प्राणिहत्या थांबवणाऱ्या जहांगीरच्या फर्मानाचा प्रसंग शालिवाहनाने त्यावर रंगवला. क्षमा आणि अहिंसा एकाच कागदावर! आपले कार्डही तसेच असावे.

'सिल्क' नावाच्या कितीतरी फिती पॉलिएस्टरच्या असतात, म्हणून विक्रेत्याला विचारा. उत्तर आले नाही तर घेऊ नका. जुन्या लग्नपत्रिका, सुती दोरा, मैद्याची खळ यांवर सुंदर कार्ड होते आणि हिशेबातही स्वस्त पडते.