मांडीवरचा तांब्या

मोटारीविषयी मी लिहिले आहे, हे कळल्यावर माझे विद्यार्थी हसतील. शब्दाला प्रत्यय लावता येतो, पण सायकलला चेन बसवता येत नाही, अशी माझी ख्याती आहे. तरीही गेल्या उसाच्या हंगामात मला शॉकॲब्सॉर्बर नावाच्या वस्तूचा अभ्यास करावा लागला. आणि तोही मांडीवर पाण्याचा तांब्या घेऊन!

आमचे घर श्रीपूरच्या बाहेर, मळ्यात. हमरस्ता बरा आहे; पण घरापासून तिथवरची दीडएक किलोमीटरची वाट उसाच्या ट्रॅक्टरांची. दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ते जातात आणि मागे टाकी लावलेल्या पाट्यासारखी जमीन ठेवून जातात. या वाटेने भाचेबुवा पुण्याहून आपली स्पोर्ट्‌स कार घेऊन अवतरले. गाडी सान स्टॉर्म. १९९८ साली गोव्यात निघालेली, फायबरच्या अंगाची, उघड्या टपाची, दोनच माणसांची. त्याने ती जुनी मिळवली, रंगवली आणि मूळचे शॉकॲब काढून कडकपणा कमीजास्त करता येणारे नवे बसवून घेतले. त्यांच्या डोक्यावर एक चावी असते, ती फिरवली की टक्‌ टक्‌ वाजते. चारही त्याने जवळजवळ पूर्ण आवळले होते.

"मामा, रेसच्या गाड्या अशाच असतात. वळणावर झुकत नाहीत," तो म्हणाला. मी मान डोलावली. न कळणाऱ्या गोष्टीला मान डोलावण्याची सवय मला समीक्षा वाचून लागली आहे.

आई पडल्यामुळे तिच्या पाठीचा मणका दबला होता. दर पंधरा दिवसांनी अकलूजला दाखवायचे. त्या दिवशी सांगून ठेवलेली भाड्याची गाडी आलीच नाही. "आजी, चल माझ्या गाडीतून," नातू म्हणाला, आणि आमचे कोणाचे न ऐकता आजी निघाली. मी फटफटीवरून मागे. पुढची गाडी चालत नव्हती, आपटत होती. हमरस्ता येईपर्यंत आईने तोंडातून शब्द काढला नाही. दवाखान्यात मात्र तिला उठवेना. डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन विचारले, "यांना आणलंत तरी कशातून?" आणखी तीन आठवडे अंथरूण. भाचा त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर दुरुस्त करणारे आमचे मिस्त्री आले. त्यांनी गाडी वाटेवरून एकदा नेऊन आणली आणि वाकून एकेका शॉकॲबला हात लावला. पुढचा डावा गरम, उजवा कोमट.

"गाडीचा भार कोण पेलतं?" त्यांनी भाच्याला विचारले.

"शॉकॲब."

"भार स्प्रिंग पेलते. शॉकॲब तिला गप्प बसवतो."

स्प्रिंग दबते तशी उसळतेही, आणि तिला मोकळे सोडले तर खालीवर होतच राहते. शॉकॲबमध्ये तेल बारीक भोकांतून ढकलले जाते, त्या झटापटीत हालचालीची उष्णता होते आणि उसळी विरते. चावी आवळली की तेलाची वाट अरुंद. मग खडबडीत वाटेवर चाकाला झटकन वरखाली होताच येत नाही: एक तर धक्का थेट बैठकीला, नाहीतर चाक जमीन सोडून उडते. आणि जमीन सोडलेले चाक वळणावर कसली पकड देणार? (असे शॉकॲब करणारी हॉलंडातली कोनी ही कंपनी १८५७ साली निघाली ती घोड्यांचे साज करण्यासाठी, हे मी नंतर वाचले. सवारीचे धक्के त्या घराण्याला जुनेच!)

मिस्त्रींनी चाव्या मोजायला लावल्या. नेहमी पूर्ण आवळायचे आणि तिथून मागे मोजत यायचे. डावा निघाला चारवर, उजवा दहावर. उजवीकडे हात नीट पोचत नाही म्हणून भाच्याने अंदाजाने फिरवला होता. पुढची जोडी सारखी, मागची सारखी, टायरची हवा आधी तपासलेली, हा पहिला नियम झाला. मग प्रयोग. वाट तीच, वेग वीसचा, आणि आजीच्या जागी मी, मांडीवर काठोकाठ तांब्या.

चारवर पाणी तोंडावर उडाले. भाच्याने रागाने सगळे सैल सोडले. तेव्हा धक्का गेला, पण प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी होडीसारखी डुलत राहिली आणि पाणी हेलकावे खात दोन्ही बाजूंनी धोतरावर आले. सौभाग्यवती दारात उभी राहून हसत होती. मग दोन-दोन टकांनी पुढे. संध्याकाळपर्यंत पुढे सतरा आणि मागे एकोणीस ठरले: पाणी एकदा चढे आणि बसे. कालव्याजवळच्या ज्या वळणावर मागची चाके बाजूला उडायची, तिथे गाडी मुकाट्याने वळली. भाच्याने आकडे वहीत लिहिले, तारखेसह.

तीन आठवड्यांनी अकलूजला जायची वेळ आली. भाड्याची गाडी दारात उभी होती. आई म्हणाली, "मी नातवाच्या गाडीतून जाणार. आधी तांब्या भरून फिरवून आणा." फिरवून आणला. तिने आत डोकावून पाहिले आणि मग बसली.

पुण्याला परतताना भाच्याने हमरस्त्यावर गाडी थांबवली, वही काढली आणि पुढचे-मागचे चार-चार टक आवळले. मी ते पाहिले. आईला सांगितले नाही.