गांवचा वाडा आणि इंटरनेटची तार

आर्वी तालुक्यांतील एका वृद्ध गृहस्थांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या धाकट्या सूनबाईंना नागपूरच्या कचेरीनें घरीं बसून काम करण्याची मुभा दिली आहे. परंतु वाड्यांत मोबाइल खिडकीशीं धरला तरच चालतो. "इंटरनेटची सोय न झाल्यास मुलगा व सून शहरीं बिऱ्हाड करतील, आणि येथें आम्ही दोघें म्हातारीं उरूं," असें ते लिहितात. प्रश्न यंत्राचा दिसतो. वस्तुतः तो घराच्या एकत्रपणाचा आहे.

अशी सोय खेड्यांत आणणें वर्धा जिल्ह्यास नवें नाहीं. गांधीजी १९३६ सालीं सेगांवीं राहावयास गेले. पुढें तेंच सेवाग्राम झालें. त्यांच्याशीं थेट बोलतां यावें म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं तेथें टेलिफोन बसविला; त्याची पेटी आश्रमांत जतन केलेली आहे. तेव्हां तार व्हाइसरॉयच्या गरजेनें आली. आतां ती आपल्या गरजेनें आपणच मागावयाची आहे.

मार्ग तीन आहेत. पहिला ऑप्टिकल फायबरचा. २०११ सालीं मंजूर झालेली, आणि पुढें 'भारतनेट' हें नांव मिळालेली सरकारी योजना ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची आहे. परंतु तो पंचायतींत आला म्हणजे घरांत आला असें नव्हे. मधला तुकडा कोण टाकणार, आणि रस्ता खणतांना तुटल्यास किती दिवसांत कोण जोडणार, हें आधीं विचारावें. समाधानकारक उत्तर मिळाल्यास दुसरीकडे पाहूं नये. दहा माणसांच्या घरास हाच मार्ग पुरा पडतो.

दुसरा मोबाइलच्या टॉवरचा. त्याच्या लहरी जाड भिंतींत व मधल्या टेकड्यांत अडतात. म्हणून अँटेना छपरावर टॉवरकडे तोंड करून बसवावा व तार आंत आणावी. विजेपासून रक्षणासाठीं अर्थिंग विसरूं नये. करारापूर्वीं निरनिराळ्या कंपन्यांचीं सिमकार्डें घेऊन छपरावर सकाळीं व रात्रीं वेग मोजावा. रात्रीं सारा गांव मोबाइल पाहत असतो. तेव्हां टिकेल तोच वेग खरा.

तिसरा उपग्रहाचा. जुन्या पद्धतीचा उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असतो. प्रश्न व उत्तर मिळून चार फेऱ्या होतात, व त्यांत अर्धा सेकंद जातो. पत्रव्यवहारास हें चालेल. संभाषणांत मात्र दोघेही एकदम बोलूं लागतात. सुमारें ५५० किलोमीटरांवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांत हा विलंब फारसा नाहीं. तरी हा मार्ग शेवटचा समजावा.

सरकारी व्याख्येप्रमाणें २०२३ पासून सेकंदास किमान २ मेगाबिट वेगास ब्रॉडबँड म्हणतात; एकत्र कुटुंबास तो अपुरा आहे. जाहिरातींतील आंकडा बहुधा डाउनलोडचा असतो. सूनबाईंच्या कामास अपलोडही तितकाच लागतो. वीज गेली तरी राउटर चालावा म्हणून लहान बॅटरी, आणि अडीअडचणीस दुसऱ्या कंपनीचें सिम घरीं असावें.

सर्व जमल्यावर एक सोय राहते. कामाच्या वेळीं सूनबाईंना दार लावतां येईल अशी एक खोली असावी, आणि चहासाठीं त्यांना कोणी हांक मारूं नये. ही सोय कोणतीही कंपनी पुरवीत नाहीं. ती वडील मंडळींनींच करावयाची आहे.