मशीन नंतर, आधी डबा उघडा

आमच्या घरातले फोटो १९६१ नंतर सुरू होतात. त्याआधीचे १२ जुलैला पानशेतच्या पाण्याबरोबर गेले; शनिवार पेठेत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढे सासऱ्यांनी आगफा क्लिक थ्री घेतला आणि मुंजी, बारशी, गणपती असं दिसेल ते टिपलं. त्या निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत.

भाचा म्हणतो, "आत्या, एक डबी मिळते ऑनलाइन. निगेटिव्ह सरकवायची, बटण दाबायचं, झालं."

झालं कुठलं? त्या डबीची खाच ३५ मिलिमीटरची. क्लिक थ्रीत १२० चा रोल पडायचा, त्याची निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस. खाचेत शिरणारच नाही! जाहिरातीतले आकडे वाचण्याआधी लोक डब्याला मोजपट्टी का लावत नाहीत, हे मला कोडंच आहे.

आकड्यांचं तर विचारूच नका. एप्सन व्ही ६०० या सपाट स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं. खरा तपशील त्याच्या निम्माही उतरत नाही. पण म्हणून तो टाकाऊ नाही. इंचाला दीड हजार ठिपके खरे धरले, तरी मोठ्या चौरस निगेटिव्हचे तेहेतीसशे पिक्सेल रुंदीला मिळतात, भिंतीवर लावण्याजोगी प्रत निघते. त्याच हिशेबानं ३५ मिलिमीटरची चौकट जेमतेम एकवीसशेवर थांबते. सासऱ्यांच्या डब्याला हा स्कॅनर चालेल, भाच्याच्या लग्नातल्या रंगीत रोलांना अपुरा पडेल.

'धूळ आपोआप काढतो' या वाक्यालाही भुलू नका. ती करामत इन्फ्रारेड किरणांची. रंगीत निगेटिव्हमधून ते आरपार जातात, धुळीपाशी अडतात, म्हणून धूळ ओळखू येते. जुन्या कृष्णधवल फिल्ममधली चांदीही त्यांना अडवते, मग यंत्राला चित्र कोणतं आणि कचरा कोणता हेच कळत नाही. तिथे हवा मारायचा रबरी फुगा आणि आपली चिकाटी. बाजीराव रस्त्याकडची खिडकी तेवढी बंद ठेवा.

लहान फिल्मसाठी माझं मत कॅमेऱ्याच्या बाजूनं आहे, आणि तो भाच्याच्या कपाटात पडूनच आहे. २४ मेगापिक्सेल, चौकट भरून टिपली तर रुंदीला सहा हजार पिक्सेल. खर्च करायचा तो एकास एक आकारात टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सवर, पक्क्या स्टँडवर आणि रंग खरे दाखवणाऱ्या दिव्याच्या पाटीवर. तिचा सीआरआय ९५ च्या वर हवा. टॅबलेटच्या पडद्यावर फिल्म थेट टेकवली, तर पडद्याचे ठिपके फोटोत उतरतात. कॅमेरा फिल्मशी समांतर आहे का, ते बघायला फिल्मच्या जागी आरसा ठेवायचा: लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की समजावं, जमलं.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. हे सामान एका घराला फार तर दोन महिने लागतं. आमच्या सोसायटीत शिडी सामायिक आहे, ड्रिल सामायिक आहे. लेन्स आणि दिवा का नसावा? पुढच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. आक्षेप कोण घेणार तेही मला माहीत आहे. त्यांच्या माळ्यावर निगेटिव्हच्या दोन पिशव्या आहेत.