टॅपेटची तक्रार आणि तिचा तपास

प्रीमियर पद्मिनीची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेच्या नियमामुळे मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तथापि खासगी मालकांनी जिव्हाळ्याने जतन केलेल्या पद्मिनी, आणि २०१४ च्या जानेवारीत जिचे उत्पादन थांबले ती मारुती ८००, ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील गृहसंस्थांच्या आवारांत आजही पाहावयास मिळतात. पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत सरून नूतनीकरणाची वेळ आली, आणि इंजिनाच्या वरच्या भागातून येणाऱ्या ज्या टकटकीकडे आजवर काणाडोळा केला तीच घेऊन मालक गॅरेजच्या दारी गेला, की त्याच्यापुढे बहुधा दोनच तजविजी ठेवल्या जातात: हेड उतरवून इंजिन उघडावे, किंवा अधिक जाड ऑईल घालून आवाज बसवावा. पहिलीत पैसा व्यर्थ जाण्याचा संभव असतो, दुसरीत इंजिनच जाण्याचा. आणि तपास मात्र दोहोंतही झालेला नसतो. यंत्राचा आवाज ही त्याची जबानी होय, आणि ती नीट नोंदवून घेतल्याखेरीज हेडला पाना लावू नये, तसेच ती दडपूनही टाकू नये, असे माझे निश्चित मत आहे.

यांपैकी पद्मिनीचे यंत्र या परिसरास परके नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात पद्मिनी घडली, आणि त्याच कंपनीच्या कल्याण येथील कारखान्यातून १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ बाहेर पडली. पद्मिनीच्या १०८९ घनसेंटीमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याच्या उंचवट्यांवर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, पुशरॉडच्या माथ्याशी रॉकर, आणि रॉकरच्या दुसऱ्या टोकाखाली व्हॉल्व्ह. धातू तापला की प्रसरण पावतो, यास्तव रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्या दरम्यान मिलिमीटरच्या लहानशा अंशाची फट मुद्दाम राखलेली असते. झिजेने ही फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर अलगद टेकण्याऐवजी आदळू लागतो, आणि टॅपेटचा आवाज म्हणून जो ओळखला जातो तो उत्पन्न होतो.

परंतु प्रत्येक टकटक टॅपेटची नसते. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणून इंजिन आयडलिंगवर मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असता प्रत्येक व्हॉल्व्ह ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा उघडतो, आणि सैल टॅपेट त्याच लयीत, हलक्या व कोरड्या स्वरात वाजतो. बेअरिंगचा ठोका याहून खोल, जड, आणि चढावर भार पडताच वाढणारा असतो. डिस्ट्रिब्यूटरच्या गाडीत एकेका प्लगची ठिणगी क्रमाने तोडून पाहिली असता तो मंदावतो, टॅपेटचा आवाज मात्र जवळपास तसाच राहतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले तरी हुबेहूब टॅपेटचा भास होतो. पण धातू तापून गॅस्केटपाशी पडलेली फट मिटली की हा आवाज पुष्कळदा विरतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टॅपेट कव्हरवर व मूठ कानाशी धरून जागा निश्चित करणारा जुना मिस्त्री जे करतो, त्यात चमत्कार कसलाच नाही. ते शास्त्र आहे. पुढे कव्हर काढून, इंजिन मंद चालू ठेवून, रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये एकेक करून फिलर गेजची पाती सरकवावी. ज्याच्यापाशी आवाज थांबेल तो अपराधी.

यापुढे मोजमाप. चार सिलिंडरांच्या या इंजिनात पहिला व चौथा, दुसरा व तिसरा पिस्टन जोडीने वर येतात. चौथ्याचे एक्झॉस्ट मिटत आणि इनलेट उघडत असेल त्या क्षणी पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद असतात, आणि तेव्हाच त्यांची फट मोजावी, तीही कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानाला. लॉकनट आवळल्यावर फट पुन्हा मोजणे अपरिहार्य आहे, कारण आवळतानाच ती बदलते. रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल, तर सपाट पाती त्यावरून आडवी जाते आणि खरी फट मोजलीच जात नाही. मोजणी बरोबर दिसूनही आवाज टिकून राहिला, तर रॉकर काढून पाहावा, रॉकर शाफ्टची झीज पाहावी, पुशरॉड सपाट काचेवर लोटून त्याचा वाक तपासावा.

आपल्या भागात या टकटकीचे मूळ वारंवार ऑईलमध्ये सापडते. घरापासून डोंबिवली स्थानकापर्यंतच्या छोट्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही, पावसाळ्याच्या दमट हवेत ऑईलमध्ये साचलेला ओलावा उडून जात नाही, आणि जो चिकट गाळ तयार होतो तो रॉकर शाफ्टची अरुंद भोके बुजवतो. उलट घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर उन्हात तिष्ठत असलेल्या गाडीत ऑईल तापून पातळ होते, आणि मंद गतीला त्याचा दाब सर्वांत कमी असतो. म्हणून इंजिन तापल्यावर मेकॅनिकल गेज लावून दाब पाहणे हे टॅपेट आवळण्याच्या आधीचे काम आहे. जाड ऑईल आवाज क्षणभर झाकते. भोके मात्र मोकळी करीत नाही.

नि:शब्दतेचा मोह याहून भयंकर. आवाज नको म्हणून फट कमी केली, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. आणि त्याची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरत असल्याने तो तापत जाऊन अखेर जळतो, कॉम्प्रेशन जाते, आणि जो खर्च टाळावयाचा होता तोच दारात येऊन उभा राहतो. किंचित वाजणारा टॅपेट आवळलेल्या मुक्या टॅपेटपेक्षा शतपटीने बरा, हे मालकांनी मनावर कोरून ठेवावे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, हेड उतरविण्यास संमती देण्यापूर्वी प्रत्येक मालकाने ऑईलचा दाब, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि प्रत्येक व्हॉल्व्हची आधीची व नंतरची फट, यांची लेखी नोंद मागावी, आणि ती गाडीच्या दफ्तरी जतन करावी. ज्या मिस्त्रीपाशी हे आकडे असतील त्याला तासाभराच्या श्रमाचे पूर्ण दाम आनंदाने द्यावे. कारण सुटा भाग बदलण्याचे पैसे देणाऱ्या आपल्या समाजाने ऐकण्याचे आणि मोजण्याचे मोल नाकारले, म्हणूनच हे कसब क्षीण होत आहे. वागळे इस्टेटच्या आणि अंबरनाथच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या हाती स्कॅनर अवश्य द्यावा, परंतु त्याच्या जोडीला एक जुने चालते इंजिन आणि फिलर गेजही द्यावे. ज्या इंजिनात सेन्सरच नाही त्याचा दोष स्कॅनरच्या पडद्यावर कधीही उमटणार नाही, तो कानाने ओळखून पातीनेच सिद्ध करावा लागेल.